बारा ग्रॅमांची खाडी

जंबो कोळंबीला ‘गोड्या पाण्यातली कोळंबी’ म्हणतात. नाव खरं आहे, पण अर्धंच. नदीत वाढलेली मादी पोटाखाली अंडी घेऊन खाडीकडे उतरते. तिची पिल्लं गोड्या पाण्यात चार-पाच दिवसांपलीकडे तगत नाहीत.

हे उमगायला १९६०चं दशक उजाडलं. मलेशियात पेनांगला मत्स्यशास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग कोळंबीच्या अळ्या, म्हणजे हीच पिल्लं, वाढवू पाहत होते आणि त्या पटापट मरत होत्या. सांगतात, की हताश होऊन त्यांनी स्वयंपाकघरातलं एकेक पाण्यात घालून पाहिलं, तेव्हा सोया सॉस पडलेल्या भांड्यातल्या अळ्या जगल्या. करामत अर्थातच सोयाची नव्हे, मिठाची. पुढे हवाईत ताकुजी फुजिमुरांनी ही पद्धत मोठ्या टाक्यांपर्यंत नेली.

हॅचरी म्हणजे टाकीत बसवलेली खाडी. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अळीला हवेत १२च्या आसपास. म्हणजे एक भाग समुद्र, दोन भाग गोडं पाणी. तेवढ्या खारेपणात अळीचं अंग आणि पाणी यांची क्षारांची ओढाताण कमी होते, आणि वाचलेली ताकद कात टाकण्यात, वाढण्यात जाते. थायलंडमध्ये समुद्रापासून लांबच्या हॅचऱ्यांनी तर मिठागरातलं दाट खारवण टँकरने नेलं. १८० ग्रॅमांचं असलं, तर त्याच्या एका भागात गोड्याचे चौदा भाग! नुसतं जेवणातलं मीठ विरघळवून मात्र भागत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम कुठून येणार?

एकदा जमलेलं माप टिकतही नाही. वाफ उडते, पाणी खारट होत जातं. म्हणून रोज रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे बघायचं. खाली डोकं, वर पाय अशा उलट्या पोहणाऱ्या या अळ्या अकरा अवस्था पार करतात. महिनाभरात बहुतेक जणी सुलट होऊन टाकीच्या भिंतीला चिकटल्या, की मीठ हळूहळू उतरवायचं. घाईने गोडं पाणी ओतायचं नाही.

केरळात वेंबनाड सरोवराच्या काठी हीच गोष्ट उलटी घडली. कुट्टनाडच्या भाताला खारं पाणी लागू नये म्हणून तण्णीरमुक्कमला बंधारा घातला. १९७६पासून त्याची दारं कोरड्या महिन्यांत मिटू लागली. भात वाचला. अंडीवाल्या माद्यांची खाली उतरायची आणि पिल्लांची वर चढायची वाट अडली, नि तिथली आट्टुकोंजू, म्हणजे हीच जंबो कोळंबी, जाळ्यात कमी येऊ लागली.