मागें राहिलेलीं मुलें

परंडा म्हटलें कीं भुईकोट किल्ला डोळ्यांपुढें येतो. पण दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांतील कित्येक घरांना कुलुपें लागतात, तीं कोण पाहतो? मुकादमाची उचल फेडावयास नवरा-बायको ‘एक कोयता’ म्हणून कारखान्याकडे निघतात. सोबत नेलेली लेक कोपींत धाकट्यास सांभाळते व शाळेस मुकते. यासाठींच हंगामी वसतिगृहें निघालीं: आजीजवळ निजावें, शाळेंत जेवावें. सोय नामी, परंतु तीं उशिरा उघडलीं, तर गाडी मुलांसकट हललेलीच! शिवाय निरक्षर आजीनें अभ्यास कसा घ्यावा? सुशिक्षित गृहिणींनीं संध्याकाळचा तासभर तेथें द्यावा. वयांत आलेल्या मुलीचा प्रश्न अधिक बिकट. एकटी ठेवण्याच्या धास्तीनें तिचें लग्नच उरकतात. २०२१ सालीं शासनानें मंजूर केलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेंत मुलींसाठीं निराळीं वसतिगृहें आहेत, हें त्या आयांस उचल घेण्यापूर्वींच सांगावयास हवें.