काडतूस घरी भरलं तर पैसे वाचतात का?

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडच्या पायथ्याशी धानाच्या लोंब्या भरायला लागल्या, की बांध्यांवर जागल सुरू होते. रानडुकरांचा एक कळप रात्रीतून अख्खी बांधी लोळवून जातो. वर डोंगरावर किल्ला उभा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमलात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणानं तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. त्या काळातली बंदूक ठासणीची: नळीत तोंडाकडून दारू ओतायची, बोळा दाबायचा, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं. सोरा, गंधक आणि कोळशाची तीच काळी दारू, तीच ठासणी विदर्भातल्या जंगलपट्टीत पिकाच्या राखणीसाठी फार पुढेपर्यंत टिकली. प्रत्येक बार हातानं भरण्याची सवय या भागाला अशी जुनी आहे. त्यामुळे तयार काडतुसाचा भाव ऐकला की ‘हेही घरीच का भरू नये’ हा प्रश्न साहजिकच मनात येतो.

जगात हा उद्योग जोरात चालतो, विशेषतः अमेरिकेत. उडालेल्या काडतुसाचं प्लॅस्टिकचं नळकांडं आणि पितळी बूड शाबूत असतं. यंत्राच्या दांड्याखाली ते धरून बूड पुन्हा मापात आणायचं, बार पेटवणारी, आता जळलेली टोपी ठोकून काढायची, नवी बसवायची, मोजून दारू, त्यावर बूच, त्यावर छर्रे आणि शेवटी तोंडाच्या पाकळ्या घडीवर घडी बसवून बंद करायच्या. साध्या यंत्रावर तासाभरात शंभराच्या आसपास काडतुसं होतात. घडीच्या जागी प्लॅस्टिक चिरू लागलं की नळकांडं बाद.

आता हिशेब. बारा बोअर म्हणजे नळीत बरोबर बसणाऱ्या बारा शिशाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड. एकेक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. अठ्ठावीस बोअरची गोळी १६ ग्रॅमची. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. चारशे दहा मात्र या हिशेबात बसत नाही, ते ०.४१० इंच हे नळीचं माप आहे. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात २८ ग्रॅम छर्रे असले, तर किलोभर शिशात ३५ काडतुसं भरतात. चारशे दहाच्या आखूड काडतुसात १४ ग्रॅम, म्हणजे त्याच शिशात ७१. दारूही कमी लागते. तरी दुकानात चारशे दहा आणि अठ्ठावीस बोअर महाग मिळतात, कारण कारखान्यांची यंत्रं बारा बोअरवर चालतात आणि बारीक बोअरचा खप थोडा. माल कमी, किंमत जास्त. दुकानचा भाव आणि घरचा खर्च यांतली ही फट घरी भरणाऱ्याच्या खिशात पडते. बारा बोअरमध्ये ती जवळपास उरतच नाही. स्वस्तातलं तयार काडतूस घरच्या काडतुसाच्या बरोबरीनं पडतं, वेळ धरला तर कमीच.

पण फट असली तरी यंत्राचे पैसे आधी फिटावे लागतात. यंत्राच्या किमतीला एका काडतुसामागच्या बचतीनं भागा. येईल तितके बार उडवल्यावर पहिला रुपया वाचतो. उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या अमेरिकन स्कीट या खेळात बारा, वीस, अठ्ठावीस आणि चारशे दहा अशा वेगवेगळ्या स्पर्धा असतात, एका फेरीत पंचवीस तबकड्या. तिथला नेमबाज वर्षाला काही हजार बार सहज उडवतो, त्याचं यंत्र फिटतं. पिकाची राखण करणारा हंगामात मोजकेच बार काढतो, तेही बहुधा डुकरं पळवून लावायला. त्याचं यंत्र उभ्या आयुष्यात फिटणार नाही.

आपल्याकडे मात्र या भागाकारापाशी पोचायच्या आधीच कायदा आडवा येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. कलम २ मधल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात. म्हणजे दांड्याचं ते यंत्र नुसतं घरात असणंही भोवू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. याच कायद्याचं कलम १३ पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य करतं. बार हातानं भरायला कायद्यानं शेतकऱ्याला मोकळी ठेवलेली वाट ही एवढीच, आणि मला ती योग्य वाटते.

कारण दारूचा खेळ चुकीला माफ करत नाही. बारीक बोअर म्हणजे सौम्य बोअर, हा समज तर साफ चुकीचा. अमेरिकी मानकात बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला कमाल दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड धरला आहे. अठ्ठावीस बोअरला १२,५००, आणि तीन इंची चारशे दहाला १३,५००. चिमूटभर दारू जास्त झाली की बारीक नळीत दाब झपकन चढतो. याहून भयंकर चूक म्हणजे काडतुसातली धूरविरहित दारू काढून ठासणीच्या नळीत ओतणं. ती नळी काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली असते. ती फुटली, की ठासणाऱ्याचा हात आणि चेहरा सगळ्यात जवळ असतो.

धूरविरहित दारू काय चीज आहे, हे भंडारा जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत अशीच दारू बनते. शिकलेले हात, कडक नियम, एकमेकींपासून लांब बांधलेल्या इमारती, एवढं सगळं असूनही २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि कामावर गेलेली माणसं घरी परतली नाहीत. स्वयंपाकघराच्या ओट्यावर यातली एकही व्यवस्था नसते.

बंदुकीचा परवाना असलेल्या शेतकऱ्यानं म्हणून कारखान्याचं काडतूस घ्यावं. बारा बोअरचं ‘शक्तिमान’ आपल्याच राज्यात, १८६९ पासून चालणाऱ्या खडकीच्या कारखान्यात बनतं. खरा खर्च काडतुसाचा नाहीच. तो जागलीच्या रात्रींचा, लोळलेल्या बांधीचा आणि भरपाईसाठी मारलेल्या खेपांचा आहे. डुकरांनी धान लोळवलं की पंचनामा लवकर व्हावा, भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. काडतूस घरी भरून वाचतील त्याच्या कितीतरी पट पैसे तिथे अडकलेले आहेत.