चिखल आमचा, शिक्का कुणाचा?

गावाबाहेरचं पडीक रान दोन दिवसांसाठी मागून घ्यायचं, जेसीबी लावून मातीचे उंचवटे घालायचे, टँकरने पाणी मारायचं, रुग्णवाहिका उभी करायची. मग मंडप, लाउडस्पीकर, वडापाव. डर्ट ट्रॅकची स्पर्धा भरवणाऱ्या छोट्या क्लबचा खर्च असा सुरू होतो. त्यात खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचं शुल्कपत्रक हाती पडलं की पहिला उद्गार ठरलेला असतो: "रान आमचं, माती आमची, घाम आमचा, यांना पैसे कशाचे?"

ही कुरकुर पुण्या-नाशकात ऐकू येते तशी अमेरिकेतल्या सायकलवाल्यांकडून आणि ग्रीसमधल्या मोटरसायकलवाल्यांकडूनही ऐकू आलेली आहे. तिच्यात तथ्य आहेच. पण तिच्याभोवती गैरसमजही इतके साचलेत, की खरा मुद्दा त्या गाळात रुतून बसतो.

सगळ्यात लोकप्रिय गैरसमज म्हणजे शुल्क ही निव्वळ दलाली. वस्तुस्थिती अशी, की एका पावतीखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात: स्पर्धेचा परवाना आणि कॅलेंडरवरची तारीख, चालकाचं वार्षिक लायसन्स, ट्रॅक तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचा प्रवास-मुक्काम आणि विमा. यातला विम्याचा हप्ता महासंघाचा नव्हे, विमा कंपनीचा असतो. भांडण पेटतं ते बहुधा आकड्यावरून नाही, तर हा गठ्ठा सुटा करून दाखवला जात नाही म्हणून. किराणावालासुद्धा साखर आणि चहापत्तीची किंमत वेगळी लिहून देतो.

याच गैरसमजाचं धाकटं भावंड फार महागात पडतं: "माझ्या गाडीचा विमा आहे, वेगळा कशाला?" गाडीची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा मजकूर वाचावा. आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी केलेला वापर भारतातल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीतून वगळलेला असतो. म्हणजे रोज ऑफिसला नेणारी मोटरसायकल स्पर्धेच्या आरंभरेषेवर उभी राहिली, की विम्याच्या दृष्टीने उघडी पडते. शिवाय आयोजकाने काढलेला सार्वजनिक दायित्वाचा विमा प्रेक्षकाला इजा झाली तर उपयोगी. चालकाचं स्वतःचं हाड मोडलं तर त्यासाठी वैयक्तिक अपघात विमा लागतो. 'विमा आहे' एवढंच ऐकून सही करणाऱ्यांपैकी किती जण 'कोणाचा आणि कशाचा' हे विचारतात, हा प्रश्नच आहे.

दुसरा गोंधळ कायद्याचा. महासंघाचा शिक्का मिळाला की स्पर्धा कायदेशीर आणि नाही मिळाला की बेकायदा, असं सर्रास मानलं जातं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं, की सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत होऊ द्यायची किंवा तिच्यात उतरायचं, तर राज्य सरकारची लेखी संमती हवी. ती नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमात संमती सरकारची आहे, महासंघाची नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था एफआयए आणि एफआयएम या जागतिक संघटनांची भारतातली प्रतिनिधी आहे आणि केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची तिला मान्यता आहे. तिच्या परवान्याला खेळात वजन आहे, निकालाला आणि लायसन्सला त्यानेच अर्थ येतो. पण तो पोलिसांच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या कागदाची जागा घेत नाही. दोन्ही लागतात.

ब्रिटनमध्ये गणित वेगळं आहे. तिथे १९९५ च्या ऑफ-रोड स्पर्धांविषयीच्या नियमांनी अधिकृत संस्थांची यादीच दिली. रस्ता सोडून इतर सार्वजनिक जागी होणाऱ्या स्पर्धेला यांपैकी एखाद्या संस्थेची मान्यता असेल, तर चालकाला बेदरकार किंवा निष्काळजी ड्रायव्हिंगच्या कलमांपासून संरक्षण मिळतं. त्या यादीत एकच नाव नाही. ऑटो-सायकल युनियन आहे, तशी अमॅच्युअर मोटर सायकल असोसिएशनही आहे. मोटोक्रॉस भरवणाऱ्या क्लबला एकाचे दर किंवा अटी पटल्या नाहीत, तर दुसरं दार ठोठावता येतं.

यावरून 'एक खेळ, एक महासंघ, हा निसर्गनियम' ही समजूतही गळून पडते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या सायकलपटूंनी राष्ट्रीय महासंघाबाहेर राहून स्वतःची ऑरेगन बायसिकल रेसिंग असोसिएशन चालवली. लायसन्स तिचं, पंच तिचे, विम्याची व्यवस्थाही तिची. पोर्टलंडच्या आसपास होणारी 'क्रॉस क्रुसेड' ही चिखलातली सायक्लोक्रॉस मालिका याच छत्राखाली वाढली आणि तिथे एका दिवसात हजाराहून अधिक स्पर्धक उतरल्याची नोंद आहे. महासंघ नसला तर खेळ मरतो, हे ऑरेगनला कुणीतरी कळवायला हवं होतं.

मग वेगळं दुकान मांडणं इतकं सोपं असेल, तर क्लब शुल्कावरून भांडत का बसतात? कारण महासंघाच्या हातात शुल्कापेक्षा जड हत्यार असतं: चालकाचं लायसन्स. जागतिक सायकलिंग संघटना यूसीआयच्या नियम १.२.०१९ नुसार लायसन्सधारकाने मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरायचं नाही. उतरलाच तर एक महिना निलंबन आणि ५० ते १०० स्विस फ्रँक दंड. हा नियम वर्षानुवर्षं पुस्तकात पडून होता. २०१३ मध्ये यूसीआयने त्याची आठवण करून दिली, अमेरिकन महासंघाने अंमलबजावणीची भाषा सुरू केली आणि माउंटन बाइकवाले खवळले. त्यांच्या कितीतरी जुन्या, लाडक्या शर्यती महासंघाच्या कॅलेंडरवर कधीच नव्हत्या. शेवटी यूसीआयने त्या वर्षापुरती कडक अंमलबजावणी पुढे ढकलली. इथे आयोजकाकडून एक पैसाही मागितला गेला नव्हता. फक्त त्याचे स्पर्धक रोखायची तयारी झाली होती, आणि स्पर्धक आलेच नाहीत तर शुल्क भरण्यावाचून आयोजकाला पर्याय उरत नाही.

महासंघांचं यावर एक ठेवणीतलं उत्तर असतं: सुरक्षितता. ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

१४ ऑगस्ट २०१० ची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात 'कॅलिफोर्निया २००' ही शर्यत चालू होती. एका उडीनंतर एका ट्रकचा ताबा सुटला आणि तो कडेच्या प्रेक्षकांवर जाऊन उलटला. आठ माणसं गेली. प्रेक्षक आणि मार्ग यांच्यामध्ये कठडा नव्हता. अमेरिकेतल्या वाळवंटी शर्यतींना एकछत्री महासंघ नाही. आयोजक स्वतःच नियम करतात आणि जमिनीसाठी केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याचा परवाना घेतात. तो परवाना या शर्यतीकडे होता. खात्याच्या स्वतःच्या चौकशीत निघालं, की परवाना देताना आणि नंतर देखरेख करताना कर्मचाऱ्यांनी खात्याच्याच कार्यपद्धती पाळल्या नव्हत्या. एखाद्या परवान्यावर कर्मचाऱ्यांचे ५० तासांहून जास्त गेले, तर तो खर्च आयोजकाकडून वसूल करण्याची तरतूद नियमांत होती. अपघातानंतर देखरेख कडक झाली, तसे तासही वाढले आणि बिलंही. छोटे आयोजक कळवळले.

या घटनेचा दाखला दोन्ही बाजू देतात. महासंघवाले म्हणतात, बघा, वर कोणी नसलं की काय होतं. आयोजक म्हणतात, बघा, परवाना होता तरी काय झालं. आयोजकांच्या म्हणण्यात जास्त दम आहे. शुल्कातून ट्रॅकवर एक जाणता माणूस उभा राहणार असेल आणि 'ही दोरी वीस पावलं मागे घ्या, तोवर झेंडा पडणार नाही' असं तो ठणकावणार असेल, तर ते शुल्क स्वस्त आहे. त्याबदली नुसता कागद मिळणार असेल, तर ते कितीही कमी असलं तरी महागच.

राहिला कोर्टाचा गैरसमज. 'युरोपच्या न्यायालयाने महासंघांची मक्तेदारी मोडीत काढली' असं वाक्य आयोजकांच्या बैठकीत हमखास फेकलं जातं. ते ग्रीसमधल्या खटल्याबद्दल असतं. प्रादेशिक मोटरसायकल क्लबांची मोटोए ही ना-नफा संघटना. तिने १३ फेब्रुवारी २००० रोजी आपल्या स्पर्धांसाठी सरकारकडे अर्ज केला. ग्रीक कायद्यानुसार अशा परवानगीसाठी एल्पा या ऑटोमोबाइल क्लबची संमती आवश्यक होती, कारण एल्पा ही एफआयएमची ग्रीसमधली प्रतिनिधी. मेख अशी, की एल्पा स्वतःही स्पर्धा भरवत होती आणि त्यांच्या प्रायोजकत्वाचे, जाहिरातींचे, विम्याचे करारही करत होती. म्हणजे नव्या खानावळीला परवाना द्यायचा की नाही, हे शेजारच्या जुन्या खानावळीच्या मालकाने ठरवायचं. संमती आली नाही. मोटोएने सरकारवर ५० लाख ड्राख्मांचा भरपाईचा दावा लावला.

१ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. स्वतः स्पर्धा भरवून त्यातून व्यवसाय करणाऱ्या संस्थेला इतरांच्या स्पर्धा अडवण्याचा अधिकार द्यायचा आणि त्या अधिकारावर मर्यादा, बंधनं किंवा अपील काहीच ठेवायचं नाही, हे स्पर्धा कायद्यात बसत नाही, एवढंच त्या निकालाचं सार. शुल्क घेऊ नका किंवा परवाना देऊ नका, असं न्यायालय म्हणालेलं नाही. २१ डिसेंबर २०२३ रोजी आइस स्केटिंग संघटनेच्या खटल्यातही पूर्वपरवानगीची पद्धत सरसकट रद्द झाली नाही. निकष पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभाव न करणारे हवेत, असा आग्रह होता.

भारतातही हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे आला, तो हॉकीच्या वाटेने. खडकीच्या धनराज पिल्लेसह काही हॉकीपटूंनी हॉकी इंडियाच्या 'मान्यता नसलेल्या स्पर्धां'विषयीच्या नियमांविरुद्ध तक्रार केली होती. ३१ मे २०१३ च्या निकालात आयोगाने कायदेभंग झाल्याचं मानलं नाही. मात्र नियामक आणि व्यावसायिक अशा दोन भूमिका एकाच संस्थेकडे असल्या की हितसंबंधांचा संघर्ष उभा राहतो, हे नोंदवून त्यावर अंतर्गत नियंत्रण ठेवण्याची गरज दाखवली. डर्ट ट्रॅकवाल्यांनी हातात धरायचा धागा हाच आहे. 'पैसे किती' याआधी त्यांनी विचारावं, की शिक्का मारणारा स्वतः स्पर्धा भरवतो का, आणि त्याने नकार दिला तर दाद कुठे मागायची.

मोटोएच्या वाट्याला आलेला वेळ मात्र परत मिळण्यासारखा नव्हता. अर्जापासून निकालापर्यंत आठ वर्षं गेली, आणि ज्या ड्राख्मांत भरपाई मागितली होती ते चलन बंद होऊनही तोवर सहा वर्षं उलटली होती.