कातडी जोड्यांची निगा

मावळ तालुक्यातील वराळे हे गाव तळेगाव दाभाड्यापासून जवळच, इंद्रायणीच्या काठी वसले आहे. येथून पश्चिमेस लोणावळ्याकडे जावे, तसतसा पाऊस वाढत जातो. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी 4000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. वराळ्यास तो इतका नसला, तरी आषाढ-श्रावणात भातखाचरांतून पाणी खेळू लागते आणि वाटेवरचा चिखल पाय धरून ठेवतो. पूर्वी चिखलणीच्या दिवसांत माणसे वहाणा घरी ठेवून अनवाणीच खाचरात उतरत. आता तळेगावची औद्योगिक वसाहत जवळ आली आहे, आणि कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला पायातला जोडा घरी ठेवून चालत नाही. त्याच्या पायांत जाड कातड्याचे बूट असतात. त्यांच्या पुढच्या टोकात पोलादाची टोपी बसविलेली असते. वीस किलो वजनाची वस्तू एक मीटर उंचीवरून बोटांवर पडली, तरी बोटे शाबूत राहावीत, इतकी मजबूत टोपी असावी लागते, असे या बुटांचे प्रमाण ठरलेले आहे.

परंतु टोपी पोलादाची असली, तरी वरचा बूट कातड्याचाच. कातड्यास चीर पडली की तिच्यातून पाणी शिरते, यंत्राचे तेल शिरते, कधी तापलेला लोखंडाचा कीस शिरतो. म्हणून बुटाची निगा हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. त्यात पायाचे हित आहे आणि पैशाचेही आहे. चांगला जोडा स्वस्त मिळत नाही.

निगा कशी राखावी हे समजण्यासाठी कातडे म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. जनावराची त्वचा बारीक तंतूंची बनलेली असते. सूत जसे उभे-आडवे विणलेले असते, तसे हे तंतू नसतात. ते एकमेकांत सर्व बाजूंनी गुंतलेले असतात. त्यामुळेच कातडे सहसा फाटत नाही. कच्चे कातडे तसेच ठेवले तर ते कुजते, वाळविले तर फळीसारखे ताठ होते. ते कुजू नये म्हणून कमावावे लागते. कोल्हापूरकडील कारागीर यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरीत आले आहेत. कातड्याचीच पिशवी शिवून, तीत सालीचा अर्क भरून ती टांगून ठेवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. अशा कातड्याच्या कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कामगारांच्या बुटांचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते काम लवकर होते आणि कातडे उष्णतेला अधिक टिकते.

कमावण्याची पद्धत कोणतीही असो, शेवटी कातड्यास तेल द्यावेच लागते. हे तेल तंतूंच्या मधे जाऊन बसते. बूट वाकला की तंतू एकमेकांवरून घसरतात, आणि तेलामुळे ते सहज घसरतात. जिवंत त्वचेला शरीरातून स्निग्धता मिळत राहते. जोड्याच्या कातड्याला ती देणारा दुसरा कोणी नाही. ती माणसाने द्यायची असते.

पाण्याने कातडे खराब होते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. विहिरीवरची कातडी मोट दिवसभर पाण्यात बुडत असे, तरी तिचे काम चाले. भीती होती ती काम थांबल्यावर. ओले कातडे वाळू लागले की तंतूंमधले पाणी निघून जाते, त्याबरोबर थोडी स्निग्धताही हरवते, आणि कोरडे तंतू एकमेकांस घट्ट चिकटतात. मग कातडे आक्रसते, कडक होते, आणि वाकविताच चिरते. म्हणून जाणता शेतकरी मोटेस तेल चोळून ठेवी. वहाण चावू लागली, की घरातील वडीलधारी माणसे तीस तेल पाजीत. काठीला तेल पाजतात, तसेच हे.

आता चिखलाने भरलेल्या बुटाकडे वळू. प्रथम त्याच्या नाड्या काढाव्यात, कारण खरी घाण जिभेच्या घडीत आणि शिवणीत लपून बसलेली असते. चिखल सुकला असेल तर तो कुंचल्याने झाडून काढावा. चाकूने खरवडू नये, कारण चाकूला चिखल कोठे संपला आणि कातडे कोठे लागले हे कळत नाही. राहिलेला मळ ओल्या फडक्याने पुसावा. कपडे धुण्याचा सोडा किंवा तिखट साबण मळाबरोबर कातड्यातील तेलही नेतो; पेट्रोलही तेच करते. बांधकामावरील सिमेंट तर कातड्याचे वैरी आहे. ते बुटावर पडले तर घरी जाईपर्यंत थांबू नये, लगेच पाण्याने पुसून काढावे.

यानंतरच्या कामात बहुतेक जोड्यांचा घात होतो. सकाळी पुन्हा कामावर जायचे असते, म्हणून ओला बूट चुलीशेजारी ठेवला जातो, नाही तर भर उन्हात. बाहेरून तो लवकर वाळतो, आणि तेवढ्याच लवकर आक्रसतो. कधी तळव्याचा डिंकही उष्णतेने सुटतो. योग्य मार्ग संथ आहे. बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. ते आतील ओल शोषतात आणि बुटाचा आकारही राखतात. बोळे ओले झाले की बदलावेत, आणि बूट सावलीत, वारा लागेल अशा जागी आडवा ठेवावा, म्हणजे तळव्यालाही हवा लागते. पावसाळ्यात यास एक-दोन दिवस लागतात. ज्याला परवडेल त्याने दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ते दोन्ही मिळून एकामागून एक घेतलेल्या दोन जोडांपेक्षा अधिक टिकतात.

जोड्यात काही भरून ठेवण्याची कल्पना नवी नसावी. आर्मेनिया देशातील एका गुहेत 2008 साली गाईच्या कातड्याचा एक जोडा सापडला. तो सुमारे 5500 वर्षांपूर्वीचा आहे. कातड्याच्या एकाच तुकड्याचा तो केलेला असून वादीने बांधलेला आहे, आणि त्यात गवत भरलेले होते. गवत पायास ऊब यावी म्हणून होते की जोड्याचा आकार राहावा म्हणून, यावर संशोधकांचे एकमत नाही. जोडा मात्र त्याच्या नाडीच्या भोकांसह टिकून राहिला.

बूट नीट वाळला, पण अगदी खडखडीत झाला नाही, अशा वेळी त्यास तेल द्यावे. एरंडेल यास चांगले, कारण ते हवेने घट्ट होत नाही. जवसाचे तेल देऊ नये. ते वाळून कडक पापुद्रा होते. खाण्याचे गोडे तेल काही दिवसांनी खवट होते. तेल किंचित कोमट करून फडक्यावर थोडेसे घ्यावे आणि बोटांनी जिरवावे. जेथे बूट चालताना वाकतो तेथे, आणि शिवणीवर, अधिक लक्ष द्यावे. तेल रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी वर राहिलेले पुसून टाकावे. अधिक तेल म्हणजे अधिक निगा, असे मात्र नाही. फार तेलाने कातडे लिबलिबीत होते, धूळ चिकटते. तळव्यास तर तेलाचा थेंबही लागू देऊ नये, नाही तर कारखान्याच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरेल.

पॉलिश आणि तेल यांची कामे वेगळी आहेत. पॉलिशमध्ये मुख्यतः मेण आणि रंग असतो. ते वरच्या वर राहते, चकाकी आणते आणि पाण्याला थोडे अडविते. आतील तंतूंपर्यंत त्याचा फारसा शिरकाव होत नाही. त्यामुळे रोज आरशासारखा चमकणारा बूटही आतून कोरडा असू शकतो. आधी तेल, ते मुरल्यावर पॉलिश, असा क्रम असावा. लव असलेल्या मऊ कातड्यास मात्र यांपैकी काहीच लावू नये. त्यास कोरडा कुंचला पुरे. रबराच्या किंवा रेक्झिनच्या जोड्यास तेलाचा उपयोग नाही.

मावळातील भिंती पावसाळ्यात ओलावतात, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या जोड्यावर पांढरी बुरशी चढते. ती घराबाहेर नेऊन झाडावी, म्हणजे तिची बीजे घरात पसरत नाहीत. मग फडक्याने पुसून जोडा हवेशीर ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला जोडा बुरशीला आयतेच घर देतो.

शिवण उसवली तर जोडा लगेच चर्मकाराकडे न्यावा. आज दोन टाके घालून भागते, महिन्याने तळवाच बदलावा लागतो. परंतु पुढच्या टोपीवर जड वस्तू पडून ती चेपली असेल, तर तेल, पॉलिश किंवा टाका यांचा उपयोग होत नाही. चेपलेली टोपी दुसरा आघात पहिल्यासारखा सोसत नाही. बाहेरचे कातडे कितीही मऊ आणि चकचकीत असले, तरी तो बूट कामावर घालू नये.