टाळेबंदीत मनालाही हवा मोकळा श्वास

देशभरात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाली होती. आपण घरात सुरक्षित होतो, तरी मन सतत धास्तावलेले असायचे. दिवसभर रुग्णांचे आकडे पाहत राहिले, की शरीर धोका समोरच उभा असल्यासारखे वागते. ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, झोप उडते. धोक्यापासून पळण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. पण चार भिंतींत पळणार कुठे?

हृदयाचे ठोके थेट आपल्या हुकमात नसतात, श्वास मात्र असतो. श्वास सावकाश सोडला, की ‘व्हेगस’ ही चेता ठोक्यांची गती कमी करते. म्हणून ताठ बसा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे पाच मिनिटे करा. चक्कर आल्यास थांबा.

बातम्या दिवसातून एक-दोनदाच, ठरलेल्या वेळी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये हाच सल्ला दिला होता. घरातल्या घरात वीस-तीस मिनिटे चाला. शिवण, कॅरम, कुंडीत पेरलेली मेथी अशा कामांत हात गुंतले, की मनालाही उसंत मिळते.

तरीही दोन आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांशी फोनवर बोला. जगणेच नकोसे वाटत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका.