कुत्र्याला फुरसं चावलं किंवा त्यानं केंड खाल्ला तर काय करायचं?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचा कुत्रा सहसा घरात बसून राहत नाही. सकाळी रापण ओढतात तिथं किनाऱ्यावर, दुपारी पडवीत आणि रात्री परड्यात किंवा सड्यावर, असा त्याचा दिवस. सुट्टीत मुंबई-पुण्याहून कुत्रा गाडीत घालून तारकर्लीला येणारेही आता कमी नाहीत. मोबाइलवर मात्र आपण वाचतो तो सल्ला फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी असतो. चॉकलेट देऊ नका, कांदा देऊ नका. बरोबरच आहे, पण इथले धोके वेगळे. त्यातले दोन जिवावर बेतणारे आहेत. सड्यावरचं फुरसं आणि वाळूवर पडलेला केंड मासा. एकावर औषध आहे, दुसऱ्यावर नाही.

हातभर सापाची एवढी भीती का?

फुरसं साधारण हातभर लांबीचं. जांभ्याचे चिरे रचून ठेवलेत तिथं, गडग्याच्या फटीत, पालापाचोळ्यात ते दिसतही नाही. डिवचलं की वेटोळं करून करवतीसारखे खवले एकमेकांवर घासतं आणि खरखर आवाज करतं. माणूस त्या आवाजानं मागे सरकतो, कुत्रा नाक पुढे करतो. म्हणून कुत्र्यांना दंश बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो.

कोकणात फुरशी किती, याचा एक जुना दाखला आहे. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता. 1862 साली इंग्रज सरकारनं फुरसं मारणाऱ्याला बक्षीस लावलं आणि थोड्याच दिवसांत एक लाखाहून जास्त फुरशी जमा झाली. तरी फुरशी संपली नाहीत, हे सांगायला नकोच.

फुरशाचं विष रक्तावर काम करतं. रक्त गोठवणारे घटक ते अंगातच वापरून संपवून टाकतं, मग रक्त गोठेनासं होतं. फसगत इथेच होते. सुरुवातीला फक्त थोडी सूज दिसते, कुत्रा लंगडतो, चाटत बसतो. गांधीलमाशी चावली असेल म्हणून आपण सोडून देतो. काही तासांनी हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, दंशाची जागा वाहत राहते. तोवर महत्त्वाचा वेळ गेलेला असतो.

म्हणून अचानक आलेली सूज, त्यातही नाकावर किंवा पंजावर, दिसली की साप समजूनच निघा. दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका, पाला-मुळी लावण्यात वेळ घालवू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. दुखत असताना घरचा कुत्राही चावतो, तेव्हा जपून. साप शोधायला जाऊ नका. सहज दिसला तर लांबून फोटो काढा.

आणि एक चूक हमखास होते: दुखतंय म्हणून आपल्याकडची गोळी देणं. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते, साप चावलेला असो वा नसो.

डॉक्टरांकडे एक साधी चाचणी होते. थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलं आहे. मग प्रतिविष. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं आणि तेच जनावरांनाही देतात. कुत्रा लहान म्हणून डोस लहान, असा हिशेब मात्र नाही. सापानं सोडलेलं विष तेवढंच असतं, ते निष्क्रिय करायला प्रतिविषही तेवढंच लागतं. त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून घरी टोचण्याचा विचारही नको.

अडचण असते ती प्रतिविष मिळण्याची. प्रत्येक प्राण्यांच्या दवाखान्यात ते असेलच असं नाही. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच जवळच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा आणि त्यांचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घाला. जनावरांच्या सेवेसाठी 1962 हा टोल-फ्री नंबरही आहे.

केंड: शिजवला तरी विषारीच

केंड म्हणजे फुग्यासारखा फुगणारा, चोचीसारख्या दातांचा मासा. जाळी फाडतो म्हणून मच्छीमार त्याच्यावर आधीच वैतागलेले असतात. जाळ्यात आला की तो वाळूवरच फेकला जातो आणि भटका असो वा पाळीव, कुत्रा तिथं हजरच.

त्याच्या यकृतात, गाबोळीत, कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. शिजवून, वाळवून ते जात नाही. कॅप्टन कुकच्या जहाजावर 1774 साली न्यू कॅलेडोनियाजवळ असाच मासा शिजवला गेला. चव घेणारी माणसं आजारी पडली, पण वाचली. आतडी-कोथळा खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. 2009 मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडजवळच्या किनाऱ्यांवर कुत्रे मेले, तेव्हा समुद्री गोगलगायींमध्ये हेच विष निघालं.

हे विष नसांचे संदेश थांबवतं. लाळ, उलटी, मग मागचे पाय लुळे पडणं आणि शेवटी श्वास बंद. अर्ध्या तासातही सुरुवात होऊ शकते. उतारा नाही. डॉक्टर कृत्रिम श्वास आणि सलाइनवर जनावर तगवून धरतात; 24 तास निघाले तर बहुतेक वेळा ते बरं होतं. कुत्रा निपचित पडला तरी त्याला शुद्ध असू शकते, तेव्हा गेला असं समजून सोडू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मिठाचीच विषबाधा होते आणि लुळ्या पडलेल्या कुत्र्याच्या फुफ्फुसात पाणी जातं. उलटी करवायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. उरलेल्या माशाचा फोटो दाखवला तर त्यांचं काम सोपं होतं.

जाता जाता गळाचं सांगतो. मांजराच्या तोंडातून गळाची दोरी लोंबताना दिसली तर ओढू नका. दोरी थोडी ठेवून कापा आणि तशीच दवाखान्यात न्या.

रापणीच्या वेळी कुत्रा किनाऱ्यावर न्यायचाच असेल तर पट्टा लावून न्या. घरी रात्री त्याला परड्यात सोडण्याआधी बॅटरी मारून गडग्याकडे एकदा बघा, आणि चिऱ्यांचा ढीग दारापासून लांब हलवा.