कपाचे ग्रॅम करताना होणाऱ्या चुका

एक कप म्हणजे 250 ग्रॅम, हा केक-बिस्किटांच्या मापांबद्दल सर्वांत जास्त रुजलेला गैरसमज. तो पाण्यामुळे रुजला. पाण्याचे एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅम भरते, त्यामुळे 250 मिलिलिटरच्या कपात पाणी खरोखरच 250 ग्रॅम मावते. पण कप जागा मोजतो आणि काटा वजन. अमेरिकी पाककृतींच्या कपात मैदा साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो, दाणेदार साखर 200, पिठीसाखर सुमारे 115, बटर 227 आणि मध तब्बल 340 ग्रॅम. दोन कप मैद्याऐवजी 500 ग्रॅम मैदा घातला, तर पीठ दुप्पट होते. असा केक भट्टीच्या दोषाने बसला असे मानले जाते, ही त्यातली खेदाची गोष्ट.

कप सगळीकडे एकच असतो, हेही खरे नाही. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानमधला 200 चा. पहिल्या दोघांतला फरक सहसा निभावून जातो. टेबलस्पूनचे मात्र तसे नाही: बहुतेक ठिकाणी तो 15 मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात 20 चा. पाककृती कुठली आहे हे आधी पाहावे ते यासाठीच.

खरी अडचण मैद्याची. त्याच्या कणांमध्ये हवा असते आणि ती किती, हे कप कसा भरला यावर ठरते. चमच्याने हलके घालून वरून सुरीने सपाट केलेला कप 120 ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर 140 ते 150 ग्रॅमपर्यंत जातो आणि ओट्यावर आपटला तर त्याहूनही पुढे. तीन कपांच्या पाककृतीत हा फरक सहज 75 ग्रॅमवर पोहोचतो. फॅनी फार्मर यांच्या 1896 सालच्या ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ने शिगोशीग मापाऐवजी सपाट मापाचा आग्रह धरला. ती मोठीच सुधारणा होती, पण सपाट केल्याने फक्त शीग जाते, आत दाबले गेलेले पीठ तसेच राहते. ‘एक कप मैदा, चाळून’ आणि ‘एक कप चाळलेला मैदा’ यांतही अंतर आहे. पहिल्यात आधी मोजायचे, दुसऱ्यात आधी चाळायचे, आणि दुसरे माप वजनाला हलके भरते. ग्रॅममध्ये लिहिलेल्या पाककृतीत हा प्रश्नच उरत नाही.

पातळ पदार्थांत मिलिलिटर आणि ग्रॅम सारखेच, हा समज दुधापुरता चालतो. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजेच हलके असते: 240 मिलिलिटर तेल सुमारे 220 ग्रॅमच भरते. बटर वितळले की वजन घटते असेही मानले जाते, पण फक्त वितळवल्याने वजन बदलत नाही. उकळून पाणी उडाले तरच ते कमी होते. अमेरिकी पाककृतीतली बटरची एक ‘स्टिक’ 113 ग्रॅमची असते. आपल्याकडचे 100 ग्रॅमचे पाकीट तिच्याजागी वापरले तर 13 ग्रॅम कमी पडतात. औंसाचा घोळ वेगळाच आहे. द्रव औंस जागेचा, साधा औंस वजनाचा. आठ द्रव औंसांचा एक कप होतो, पण आठ औंस मैदा म्हणजे 227 ग्रॅम, जवळजवळ दोन कप.

वाटीचे माप अचूक नसते, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. नानकटाईचे तूप, साखर, मैदा एकाच वाटीने आणि एकाच पद्धतीने मोजले की प्रमाण टिकते, वाटी लहान असो वा मोठी. ते बिघडते एखादा जिन्नस बाहेरच्या मापाने आला की: बटर पाकिटावरच्या ग्रॅमनी, अंडी नगावर. घरची पाककृती ग्रॅममध्ये आणायची असेल, तर नेहमीच्या हाताने भरलेली वाटी प्रत्येक जिन्नसासाठी तीनदा तोलून सरासरी लिहून ठेवावी.

काटा सगळीकडेच वरचढ ठरतो, असेही नाही. घरगुती काटे बहुधा एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात, आणि पाव टीस्पून खायचा सोडा जेमतेम सव्वा ग्रॅम असतो. सोडा, बेकिंग पावडर, वेलचीपूड यांसाठी सपाट भरलेला चमचाच अधिक भरवशाचा.